कागदावर उतरलेला दगड

सोलापूर मागे टाकून गाडी भीमा ओलांडते आणि जमीन एकदम उघडी पडते. दोन्ही बाजूंना काळं रान, त्यात कापणीला आलेली ज्वारी, अधूनमधून एखादी बाभळ आणि बाकी सगळं आभाळ. सिल्वासाच्या माणसाला या मोकळेपणाची सवय नसते. आमच्याकडे नजर जरा लांब गेली की सागाचं रान आडवं येतं, टेकडी येते, दमणगंगेचं वळण येतं, नाहीतर कारखान्याची पत्र्याची शेड. भर पावसात तर समोरचं घर दिसेनासं होतं. इथे खिडकीत बसल्या जागेवरून अर्धा तालुका दिसत होता. आणि त्या सपाटीवर, विजापूर अजून पुढेच असताना, एक करडा अर्धगोल वर आला.

शेजारी इंडीचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. घरी कानडी आणि बाजारात मराठी असं त्यांचं बोलणं. माझी मान खिडकीशी गेलेली पाहून ते म्हणाले, "बघा, बघून घ्या. गोल घुमट आहे तो. स्टेशन यायला वेळ आहे अजून, पण तो आधीच येतो बघा पाहुण्याला न्यायला."

मी आलो होतो तो घुमट बघायला, हे खरंच. पण माझ्या पिशवीत जुन्या छायाचित्रांच्या प्रती होत्या आणि ओढ होती ती त्यांची. 1855 साली मुंबई सरकारनं तोफखान्यातल्या एका अधिकाऱ्याला, कॅप्टन थॉमस बिग्ज यांना, पलटणीच्या कामातून मोकळं केलं आणि पश्चिम भारतातल्या प्राचीन वास्तूंची छायाचित्रं काढायच्या कामावर नेमलं. बिग्ज यांनी कॅमेरा आधी लावला तो विजापुरात. पुढे बदामी, ऐहोळे, पट्टदकल. आज हा सगळा प्रदेश कर्नाटकात आहे, विजापूरचं नावही आता सरकारदरबारी विजयपुरा झालं आहे. पण तेव्हा तो मुंबई इलाख्याचा भाग होता. विजापूर तर त्याच्या थोडंच आधी, 1848 साली सातारचं छत्रपतींचं राज्य खालसा झालं, तेव्हा इंग्रजांच्या हाती आलं होतं. बिग्ज जिथे जिथे उभे राहिले असतील, तिथे उभं राहून बघायचं, एवढाच माझा बेत होता.

घुमटाच्या आत शिरल्यावर डोळे आधी खांब शोधतात. खांब नाहीत. सतराशे चौरस मीटरांच्या आसपास मोकळी फरशी, मधोमध चौथऱ्यावर मुहम्मद आदिलशहाची आणि त्याच्या घरच्यांची थडगी, आणि वर नुसती पोकळी. मान मागे टाकत टाकत नेली तरी छताचा अंदाज येत नाही. मग हळूहळू कळायला लागतं. भिंतींतून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, चौकोनाचा अष्टकोन करतात, अष्टकोनाचा गोल करतात, आणि बाहेरून चव्वेचाळीस मीटर व्यासाचा घुमट त्या गोलावर अलगद टेकतो. कमानींच्या छेदण्यानं घुमटाचा भार आत ओढला जातो आणि भिंती बाहेर फाकत नाहीत. हे पुस्तकात वाचून समजतं. पण तिथे उभं राहिल्यावर समजलेलंही क्षणभर विसरायला होतं; एवढा दगड डोक्यावर आहे आणि आधाराला काहीच नाही, एवढंच उरतं. हा बादशहा 1656 साली वारला. शहाजीराजे याच्याच दरबारचे सरदार होते आणि शिवरायांच्या स्वराज्याची सुरुवातही याच्याच काळात झाली. लहानपणापासून 'आदिलशाही' हा शब्द आपण शत्रूचं नाव म्हणून ऐकलेला असतो. त्या शत्रूचं सामर्थ्य किती होतं, हे मला या फरशीवर उभं राहून पहिल्यांदा अंगाला जाणवलं. सह्याद्रीतल्या मूठभर मावळ्यांनी कोणासमोर उभं राहायचं ठरवलं होतं, तेही त्याच क्षणी कळलं.

कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून अरुंद जिना वर जातो आणि घुमटाच्या पायथ्याशी सज्जात निघतो. भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललेलं समोरच्या टोकाला, तब्बल अडतीस मीटर पलीकडे, स्पष्ट ऐकू येतं. पहारेकऱ्यानं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं, "उद्या उजाडताच या साहेब. शाळांच्या सहली आल्या की काही ऐकू येणार नाही." उजाडताच गेलो. पलीकडच्या भिंतीशी बायको उभी राहिली आणि कुजबुजली, "अहो, ऐकू येतंय का?" तो आवाज माझ्या कानामागून आला, जणू ती पाठीशीच उभी होती. अंगावर सर्रकन काटा आला.

कॅमेऱ्याला मात्र या आतल्या चमत्काराचा काही उपयोग नव्हता. 1855 साली एवढ्या अंधाऱ्या जागेत चित्र काढणं जवळपास अशक्यच होतं. बिग्ज बाहेर, उन्हात उभे राहिले असणार. मीही बाहेर आलो, दक्षिणेकडे मागे मागे सरकत गेलो, आणि घुमट, चारही मनोरे आणि पुढचा नगारखाना एका नजरेत मावेपर्यंत थांबलो नाही. हातात चित्राची प्रत धरली.

ते चित्र कशाचं बनलं होतं, हे समजून घेतल्याशिवाय त्याचं नवल कळणार नाही. तेव्हा फिल्म नव्हती आणि बिग्ज यांचं काम काचेवरचंही नव्हतं. निगेटिव्हसुद्धा साध्या कागदाची. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी 1841 साली इंग्लंडात नोंदवलेली ही रीत. उत्तम प्रतीच्या लिहायच्या कागदावर ब्रशनं सिल्व्हर नायट्रेट फिरवायचं, मग तो पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात बुडवायचा. कागदावर फिकट पिवळा थर धरतो. चित्र काढायच्या वेळी त्याच्यावर सिल्व्हर नायट्रेट आणि गॅलिक अॅसिडचा आणखी एक हात द्यायचा आणि कागद ओलसर असतानाच कॅमेऱ्यात सरकवायचा. भिंगावरचं झाकण काढायचं आणि मिनिटं मोजत उभं राहायचं. झाकण लावलं, तरी कागदावर काहीच दिसत नाही. अंधाऱ्या तंबूत नेऊन पुन्हा रसायन फिरवलं की कोऱ्या कागदातून हळूहळू उलटं चित्र वर येतं. उजेडाच्या जागी काळं आणि सावलीच्या जागी पांढरं. ते हायपोच्या पाण्यात पक्कं करायचं, खूप पाण्यानं धुवायचं, वाळवायचं आणि शेवटी त्यात मेण जिरवायचं, म्हणजे कागद पारदर्शक होतो. त्या मेणकागदाखाली दुसरा रसायनाचा कागद ठेवून उन्हात धरला की सुलटं चित्र उमटतं.

हे सगळं विजापूरच्या उन्हात. तंबूत श्वास घुसमटणार, ओला कागद बघता बघता सुकणार, वाऱ्यानं उडालेली काळी माती त्याच्यावर बसणार. पाणी स्वच्छच हवं. त्यात मिठाचा अंश असेल तर चांदीशी त्याची गाठ पडून कागदावर डाग. सिल्व्हर नायट्रेटनं बोटं काळी पडतात आणि धुतली तरी दिवसचे दिवस तशीच राहतात. एका चित्रासाठी बैलगाडीभर सामान, मदतीला माणसं आणि अर्धा दिवस. माझ्याभोवती त्या सकाळी शेकडो फोन वर उठले होते आणि एका श्वासात दहा दहा चित्रं निघत होती. हातातल्या प्रतीकडे बघताना मला जाणवलं, की तिच्यातला प्रत्येक दगड कोणीतरी उन्हात उभं राहून, मिनिटं मोजत, कमावलेला आहे.

प्राचीन वास्तूंकडे कॅमेरा वळला तो जन्मतःच. 1839 साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची ओळख करून देताना शास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागो यांनी पहिल्यांदा उदाहरण दिलं ते इजिप्तचं. थीब्ज, मेम्फिस आणि कर्नाकच्या भिंतींवरची लाखो चित्राक्षरं उतरवायला चित्रकारांच्या फौजेला कित्येक वर्षं लागतील. या यंत्रानं ते काम एकटा माणूस करील, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅमेरा घेऊन प्रवासी अलेक्झांड्रियाला पोचलेसुद्धा. मग 1849 साली माक्सिम द्यू कां हा फ्रेंच गृहस्थ, लेखक फ्लोबेरला बरोबर घेऊन, नाईलच्या काठानं कागदी निगेटिव्ह काढत फिरला. भव्य पुतळा किती भव्य ते कळावं म्हणून तो आपल्या नावेतल्या एका खलाशाला पुतळ्याच्या अंगाखांद्यावर चढवून बसवायचा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या संचालकांनाही यात फायदा दिसला. नक्षीदार मंदिराचं चित्र हातानं काढायला चित्रकाराला महिने लागायचे आणि पगार चढत राहायचा. कॅमेरा स्वस्त पडत होता, शिवाय चुकत नव्हता. त्यांनी हिंदुस्थानातल्या इलाख्यांना तसं कळवलं आणि मुंबईनं सगळ्यांत आधी हालचाल केली. मुंबईत त्यासाठी हवाही तयार होती. 1854 साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सभासदांत होते. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रं काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे या धंद्यात पाय रोवणारे पहिले देशी छायाचित्रकार तयार झाले. जगाला हा शोध कळून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती आणि गिरगाव-काळबादेवीतली मराठी, गुजराती मुलं सिल्व्हर नायट्रेटनं बोटं काळी करत होती.

विजापुराहून बदामीला जाताना काळी माती हळूहळू तांबूस होते आणि मग एकाएकी लाल डोंगर उभा राहतो. इथला दगड वालुकाश्म. सकाळच्या उन्हात तो शेंदरी दिसतो, दुपारी वीटकरी आणि संध्याकाळी अगस्त्य तळ्याच्या हिरव्या पाण्यात उतरतो तेव्हा त्याचा रंग सांगताच येत नाही. आमच्या नगर हवेलीत दगड म्हणजे काळा कातळ, शेवाळलेला, बहुतेक वेळा ओला. हा रंग माझ्या डोळ्यांना सर्वस्वी परका होता. तिसऱ्या लेण्यात 578 सालचा शिलालेख आहे, चालुक्य मंगलेशाचा. पहिल्या लेण्याच्या दाराशी अठरा हातांचा नटराज आहे. त्याचे हात मी एकेक करून मोजले. आणि मोजून झाल्यावरही ते थांबलेले वाटेनात.

पण बदामीची जुनी छायाचित्रं बाहेर काढली तर त्यात हा डोंगर काळा! आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं, ढगाचा ठिपकाही नाही, आणि त्याच्यापुढे कोळशासारखा कडा. यात बिग्ज यांचा दोष नव्हता. त्या काळच्या कागदावरचं सिल्व्हर आयोडाइड फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला ओळखायचं. निळं आभाळ त्याच्यावर भरभरून उमटायचं, इतकं की सगळे तपशील पुसून जायचे. तांबडा रंग त्याला जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणजे ज्या दगडाचं सारं वैभव त्याच्या तांबडेपणात आहे, नेमका तोच या कागदापुढे अंधार होऊन उभा राहायचा. लंडनमध्ये बसून ही चित्रं पाहणाऱ्या विद्वानांनी बदामी पाहिली ती अशी, काळवंडलेली आणि ढगाविना. माझ्यासमोर उन्हं कलत होती, लेण्यांखालच्या वस्तीतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि डोंगर आतून पेटल्यासारखा दिसत होता.

बदामीहून मलप्रभेच्या खोऱ्यातून पट्टदकलला गेलो. विरूपाक्ष मंदिरात पूजा चालू होती. दुसऱ्या विक्रमादित्यानं कांचीवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून त्याची राणी लोकमहादेवी हिनं आठव्या शतकात हे मंदिर बांधवलं. बाकीची मंदिरं पुरातत्त्व खात्याच्या हिरवळीवर शांत उभी आहेत. इथे मात्र फुलांचा, तेलाचा, उदबत्तीचा वास होता, पुजारी तीर्थ देत होते, आणि खांबाला टेकून एक बाई बाळाला पाजत बसली होती. बाराशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी राणीनं उभारलेल्या मंडपाचा उपयोग अजून संपलेला नाही.

त्या बाईकडे पाहिलं आणि माझ्या हातातल्या चित्रांमध्ये काय नाही, ते एकदम माझ्या ध्यानात आलं. त्यांत माणसांचा वावर नाही.

दागेरनं 1838 साली पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचं चित्र काढलं होतं. रस्त्यावर गाड्या होत्या, घोडे होते, माणसांची वर्दळ होती. चित्रात रस्ता ओस. कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेत एक माणूस पाय वर ठेवून थांबला होता, तेवढी आकृती उमटली. मिनिटं मोजणाऱ्या कॅमेऱ्याला हलणारं काही दिसत नाही. चालणारा माणूस, वळणारं जनावर, वाऱ्यावर सळसळणारी फांदी, सगळं त्याच्यापुढून निघून जातं आणि कागदावर पुसट धूर तेवढा राहतो. जे स्थिर, तेच उमटतं. दगड त्याच्यासाठी आदर्श; दगड हलत नाही.

ऐहोळेला पोचल्यावर हा विचार फारच टोचायला लागला. या एका गावात शंभराहून अधिक प्राचीन मंदिरं आहेत. दुर्ग मंदिर त्यांत सगळ्यांत देखणं. मागची बाजू चैत्यासारखी अर्धगोल, तिला वळसा घालणारी खांबांची ओवरी, प्रत्येक खांबावर मूर्ती. बिग्ज यांनी त्याचं चित्र काढलं तेव्हा ते एका जुन्या गढीचा भाग होऊन बसलं होतं आणि छपरावर राकट दगडांचा ढिगारा रचलेला होता. तो ढिगारा चित्रात दिसतो. आज तो तिथे नाही. सगळं साफ, चोख, कुंपणाच्या आत. जेम्स फर्ग्युसन यांच्यासारख्या वास्तुविद्येच्या इतिहासकाराला हे मंदिर माहीत झालं ते याच छायाचित्रांतून, आणि बौद्ध चैत्याचा हिंदू देवळाशी काय संबंध, याची चर्चा त्यातून पुढे वाढली. कागदाचा एक तुकडा, पण त्यानं इतिहासाला प्रश्न विचारला.

पलीकडेच लाडखान मंदिर. लाडखान हा देव नव्हे की राजा नव्हे. तो या मंदिरात संसार थाटून राहिलेला माणूस. त्याचंच नाव मंदिराला चिकटलं. ऐहोळेतली कित्येक मंदिरं अशीच पिढ्यान्‌पिढ्या लोकांची घरं होती. कुठे चूल, कुठे कडब्याची गंजी, कुठे बैल बांधलेले. पुरातत्त्व खात्यानं पुढे हळूहळू ती मोकळी केली. कुंपणाला लागून अजूनही घरं आहेत. एका घराच्या ओट्यावर म्हाताऱ्या बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आमच्या गाडीवाल्यानं "अज्जी" अशी हाक मारली आणि कानडीत विचारपूस केली. मग मला मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, त्यांच्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा यांची गुरं त्या देवळाच्या ओवरीत असायची. देवळात राहिलो म्हणून देऊळ राहिलं, असं म्हणतात." मी चित्राची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हात धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि काही तरी विचारलं. गाडीवाला म्हणाला, "विचारतायत, माणसं कुठे गेली?"

कोणीच कुठे गेलं नव्हतं. बिग्ज तिथे उभे असताना गाव चालतं-बोलतं होतं. पाणी भरलं जात होतं, गुरं सुटत होती, मुलं त्या विचित्र पेटीभोवती गोळा झाली असणार. पण ती सगळी हलत होती. म्हणून लंडनला गेलेल्या चित्रांत मंदिरं उमटली आणि गाव उमटलं नाही. प्राचीन वास्तू म्हणजे ओसाड, निर्मनुष्य, काळानं विसरलेलं काहीतरी, ही समजूत आपल्या सगळ्यांच्या मनात इतकी खोल आहे की आज सुद्धा आपण फोनवर चित्र काढताना समोरचा माणूस बाजूला होईपर्यंत थांबतो. ही सवय आपल्याला या पहिल्या चित्रांनी लावली, असं मला वाटतं. त्यांना हलता माणूस टिपता येत नव्हता. आपल्याला येतो, तरी आपण टाळतो.

आणि इथे मला माझा मुलूख आठवला. बिग्ज विजापुरात कागद ओले करत होते तेव्हा नगर हवेली पोर्तुगिजांकडे होती. पेशव्यांशी झालेल्या तहानुसार 1783 साली ती त्यांच्याकडे गेली ती 1954 च्या मुक्तिसंग्रामापर्यंत. मुंबई सरकारचा हुकूम आमच्या हद्दीपाशी संपत होता. पण तो चालला असता, तरी बिग्ज यांनी तिथे कशासमोर कॅमेरा लावला असता? ऐहोळेच्या तोलाचं दगडी काम आमच्याकडे नाही. आमच्याकडे कारवीच्या कुडाच्या भिंती आहेत, शेणामातीनं सारवलेल्या. लग्न निघालं की वारली घरातल्या सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, भोवती झाडं, घोडे, नाचणारी माणसं. लग्न होतं, पाऊस येतो, भिंत पुन्हा सारवली जाते आणि चौक जातो. पुढच्या लग्नाला नवा. भास्कर कुलकर्णी यांनी 1970 च्या दशकात ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणायला हात दिला आणि शेजारच्या डहाणू भागातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढे नेली. तोवर तिला वारसा म्हणायचं बाहेर फारसं कोणाला सुचलं नव्हतं. चालुक्यांचा दगड एकाच जागी उभा राहून टिकला. वारल्यांचा चौक पुन्हा पुन्हा लिहिला जाऊन टिकला. पहिला कॅमेऱ्याला सापडला, दुसरा नाही. यावरून कोण अधिक प्राचीन, हे ठरत नाही.

बिग्ज यांच्यासारख्या छायाचित्रकारांच्या कष्टांचं मोल मी कमी करत नाही, उलट ऐहोळेच्या टेकडीवर ते मला अधिकच पटलं. टेकडीच्या माथ्यावर मेगुतीचं जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीत 634 सालचा रविकीर्तीचा शिलालेख. दुसऱ्या पुलकेशीनं नव्व्याण्णव हजार गावांच्या तिन्ही महाराष्ट्रांचं आधिपत्य मिळवलं, असं त्यात कोरलेलं आहे. कालिदास आणि भारवी यांची नावंही त्यातच येतात. वारं भणाणत होतं. मी त्या ओळींसमोर उभा होतो, लिपी वाचता येत नव्हती, तरी आपल्या मुलखाचं नाव तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी या परक्या टेकडीवर कोणी कोरून ठेवलं आहे, या विचारानं छाती भरून आली. असे शिलालेख जागेवर जाऊन वाचणं किती कठीण होतं! कुठे उंचावर, कुठे काळोखात, कुठे चुन्याखाली. बिग्ज यांना 1855 च्या अखेरीस पलटणीनं परत बोलावलं. त्यांच्या जागी आलेले डॉ. विल्यम पिगू हे वैद्यकीय खात्यातले. 1858 साली ते वारले. या कामात ए. सी. बी. नील यांचाही वाटा होता. पिगू आणि नील यांनी धारवाड आणि म्हैसूरकडच्या शिलालेखांचीही छायाचित्रं काढली. तो संग्रह 1866 साली निघाला आणि जॉन फेथफुल फ्लीट यांच्यासारख्या अभ्यासकांच्या टेबलावर तो पुरावा होऊन पडला. डोंगरात कोरलेली ओळ कागदावर उतरली, म्हणून ती अभ्यासिकेत बसून वाचता आली. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या चालुक्यांच्या वंशावळीमागे ही काळी बोटं आहेत.

त्याच 1866 साली विजापूरचे आणि धारवाड-म्हैसूरचे असे दोन मोठे ग्रंथ लंडनमध्ये छापले गेले. मेडोज टेलर आणि फर्ग्युसन यांचा मजकूर, आणि पानोपानी चिकटवलेली खरीखुरी छायाचित्रं. खर्च उचलला तो प्रेमचंद रायचंद आणि करसनदास माधवदास यांच्यासारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांनी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि त्या पैशातला काही भाग या दगडांच्या नावानं लागला. ग्रंथ निघेपर्यंत तेजी बुडाली होती, कित्येक पेढ्या रसातळाला गेल्या होत्या. पैसा गेला, चित्रं राहिली.

ती चित्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत, आणि तिथे ती नीट आहेत याचा मला आनंद आहे. पण त्यांच्या प्रती बघण्याची सगळ्यांत योग्य जागा ऐहोळेत आहे, बदामीत आहे, विजापुरात आहे. दुर्ग मंदिराशेजारी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, गोल घुमटाच्या नगारखान्यातही आहे. तिथे बिग्ज, पिगू आणि नील यांची चित्रं मोठी करून लावावीत, ज्या जागेवरून काढली त्या जागी एक फरशी बसवावी, आणि खाली कानडीत आणि मराठीत सांगावं की हे चित्र काढताना इथे गाव नांदत होतं. आणि त्याच्या शेजारी आणखी एक चित्र लावावं, आजचं. ओवरीत सावलीला बसलेल्या बाया, सहलीला आलेली पोरं, शेंगा फोडणाऱ्या अज्जी. आजच्या कॅमेऱ्याला हलणारं दिसतं. पहिल्या छायाचित्रकारांना जे जमणं शक्य नव्हतं, ते पुरं करणं आता आपल्याच हातात आहे.